वाटणीचा दगड

बुधवार, १९ ऑगस्ट

प्रिय अप्पा,

नमस्कार. डोळ्याची पट्टी कधी सुटणार, थेंब वेळेवर घातले जातात का, आणि ताईकडच्या मऊ गादीवर तुमची पाठ कुरकुरते का, हे सगळं आईनं विचारायला सांगितलंय. इकडे आम्ही बरे आहोत. गाई बऱ्या आहेत. म्हातारी गाय बऱ्याच दिवसांनी पोटभर पाणी प्यायली आणि तळ्याच्या काठावरच बसकण मारून बसली. काही केल्या उठेना.

पाऊस थांबल्याथांबल्या तुम्ही फोन करून विचारलंत, "काय गं, पडला ना? आता खूश ना?" तेव्हा मी हो म्हणाले होते. आज तोच प्रश्न कुणी विचारला तर मला उत्तर देता येणार नाही. शोधून पाहिलं, सापडत नाही. म्हणून पत्र लिहिते आहे.

फोनवर बोलायचा प्रयत्न मी केला होता. तुम्ही म्हणालात, "आवाज तुटतोय, नंतर बोलू." ताईच्या भिंतीवरचं घड्याळ मला इथे टिकटिकताना ऐकू येत होतं, अप्पा.

ताई, हे तूच वाचून दाखवणार आहेस, म्हणून तुलाही सांगते. मधलं काही गाळू नकोस. लहानपणी गोष्ट वाचताना तू राक्षसाची पानं पटकन उलटायचीस. मला ते कळायचं. या वेळी सगळी पानं वाच. अप्पांच्या डोळ्यांवर पट्टी आहे, कानांवर नाही.

आधी पावसाचं सांगते. ते खरंच सांगण्यासारखं आहे.

इतके दिवस ढग यायचे, दारातून डोकावल्यासारखं करायचे आणि निघून जायचे. आम्ही वर बघायचंही सोडून दिलं होतं. त्या दुपारी आई ओसरीवर डाळ निवडत होती. वारा एकदम पडला. कोंबड्या गाडीखाली जाऊन बसल्या. मग कुणी मूठमूठ खडी फेकावी तसे अंगणातल्या फुफाट्यात थेंब पडायला लागले, प्रत्येक थेंबाला एक खळगा. आणि पुढच्या क्षणी गोठ्याच्या पत्र्यावर असा गदारोळ उठला की आई काय ओरडते आहे ते मला तिच्या तोंडाकडे बघून ओळखावं लागलं. "भांडी! भांडी!"

आम्ही सगळं बाहेर मांडलं. हंडे, बादल्या, परात, तुमचा दाढीचा मग. माझ्या खाटेवर छत गळायला लागलं तेव्हा आई चक्क हसली. म्हणाली, "गळू दे बाई. कुठं गळतं तेच विसरायला झालं होतं."

लिंबाच्या झाडांचा रंग मी विसरले होते. धूळ उतरली आणि ती आतून हिरवी निघाली.

त्यात दादा धावत आला. नखशिखांत भिजलेला, गुडघ्यापर्यंत चिखल. म्हणाला, "खालचं तळं भरलं. वाटणीचा दगड फिरवून आलो. आता पाणी आपल्याकडे."

मी त्याला माझा कोरडा टॉवेल दिला. चहा करून दिला. आणि वर म्हणाले, "दादा, तू माणूस म्हणून फार मोठा आहेस." तो चहाच्या कपात बघत राहिला. मला वाटलं, लाजला.

ओहळाचं पाणी तांबडं होऊन आपल्या तळ्यात कोसळताना मी छत्रीशिवाय उभी राहून पाहिलं. आधी खालच्यांचं भरलं, आता आपलं भरतंय, असं मी मनात म्हणत होते. इतकं निर्मळ मला पदवी मिळाली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

आता कोरड्या दिवसांचं. तुम्हाला ते माहीत आहे, पण मला ते तुमच्यासमोर एकदा नीट मांडायचं आहे.

आपली विहीर आटली. गाईंच्या जिभा बाहेर आल्या. खालच्या काकांच्या विहिरीत पाणी होतं, थोडं, पण होतं. आणि शेवरीच्या त्या एका झाडावरून तुमचं आणि काकांचं बोलणं बंद होतं, ते झाड पडून गेलं तरी. तुम्ही मला ओसरीवर बोलावून म्हणालात, "तूच जा. माझं तोंड बघून तो दार लावेल. तुझं ऐकेल. तू शिकलेली आहेस, तुझ्या शब्दाला वजन आहे."

मी विचारलं, "शब्द काय देऊ?"

तुम्ही म्हणालात, "सांग, आत्ता गाईंना पाणी द्या. पाऊस आला की ओहळाचं पहिलं पाणी तुमचं. तुमचं तळं भरल्याशिवाय दगड फिरवून पाणी आमच्याकडे घेणार नाही."

आजोबांपासूनची रीत आहे की आधी वरचं तळं, मग खालचं. तुम्ही ती स्वतःहून मोडायला निघालात, तेही ज्याच्याशी बोलणं नाही त्याच्यासाठी. मला इतका अभिमान वाटला की मी उतारावरून पळतच खाली गेले.

काका रोपांच्या वाफ्यात उकिडवे बसून मेलेली रोपं उपटत होते. मला बघून म्हणाले, "या, बॅरिस्टर. आज आमच्या गरिबाघरी?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी बराच वेळ हातातली माती चोळली. मग म्हणाले, "माझी विहीर खालच्या तळ्याच्या पाझरावर जगते, हे तुला माहीत आहे ना? तुमच्या गाईंना पाणी दिलं तर माझी अर्धी रोपं जातील. तळं भरलं नाही तर उरलेलीही जातील आणि विहीरही जाईल."

"तळं भरेल, काका. पहिलं पाणी तुमचं. मी शब्द देते."

"कागद करायचा?"

"तुम्ही म्हणाल तर करू."

काकू घरातून ओरडल्या, "अहो, पोरीकडून कसला कागद घेताय! लाज वाटते का काही?"

काका हसले. "बरं बाई. नको कागद."

तेव्हापासून आपल्या गाई रोज संध्याकाळी खाली जायच्या. काकू स्वतः रहाट ओढायच्या. एका वाफ्यावरचं पाणी त्यांनी बंद केलं, मग दुसऱ्या. मी बघत होते. मला वाईट वाटायचं, पण मनात म्हणायचे, एक पाऊस येऊ दे, सगळं परत करू.

पावसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकू वर आल्या. डोक्याला पदर घट्ट बांधलेला, पाय घोट्याच्या वर कोरडे. वर येताना त्यांचा पाट ओलांडावा लागतो; त्यांच्या पायांकडे माझं लक्ष गेलं, पण अर्थ लागला नाही.

"काय गं," त्या म्हणाल्या, "पाऊस एवढा पडला, आणि आमच्या तळ्यात चुळभर पाणी. ओहळाचं आलंच नाही. दगड कुणी फिरवला?"

दादा मागे उभा होता. म्हणाला, "मी पाहिलं तेव्हा भरल्यासारखं वाटलं, काकू. पावसात धड दिसत नव्हतं. लोंढ्यानं दगड आधीच सरकला असणार."

आणि मग अप्पा, मी काय केलं ते ऐका. मी काकूंबरोबर खाली गेले, कोरड्या तळ्याच्या काठावर बसले आणि काटकीनं मातीत आकृती काढून काकांना समजावून सांगितलं की लोंढ्यानं दगड कसा सरकतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की ढकलण्याची ताकद कितीतरी पटीनं वाढते, एवढा मोठा दगडसुद्धा खालची माती वाहून गेली की कसा कलतो, कसा घसरतो, हे सगळं. शिकलेलं सगळं मी ओतलं. फार छान समजावलं. काका मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "असेल बाई. तू म्हणतेस म्हणजे असेल. आमचं नशीब."

त्यांनी नशिबाला दोष दिला, आणि तो मी त्यांना शास्त्रानिशी पटवून दिला.

परत येताना मला राहवेना. म्हटलं, निदान दगड तरी जागेवर लावू, म्हणजे पुन्हा सर आली तर पाणी खाली जाईल. दादा म्हणाला होता, "चिखल आहे, तू जाऊ नकोस, मी बघतो." पण मी गेले. ताई, तू ती जागा विसरली असशील. ओहळ उतरतो तिथे दोन पाट फुटतात, डावा आपला, उजवा खालच्यांचा. मधे तो सपाट दगड. ज्या पाटाच्या तोंडाशी तो सरकवला, ते बंद. त्या दगडावर कधी कुणी राखण बसवली नाही, कारण पाळी नसताना त्याला कुणी हात लावल्याचं कुणालाच आठवत नव्हतं.

दगड उजव्या तोंडावर नीट उभा होता. घसरलेला, कललेला नव्हता. त्याच्या मागे चिखलाचा लेप होता. कडा सारख्या केलेल्या. मी हातानं चिखल ओरबाडला. आत खताची पोती. एकावर एक, सांधे जुळवून, भिंत रचावी तशी.

मी एक पोतं ओढून काढलं आणि विळ्यानं फाडलं. आतलं प्लास्टिक शाबूत होतं. माती बाहेर पडली ती कोरडी ठक्क. पिठासारखी भुरभुर माझ्या ओल्या पायांवर पडली. सगळं रान भिजलेलं आणि माझ्या पायांवर ती एवढीशी धूळ. म्हणजे पोती पाऊस यायच्या आधी भरलेली होती. बऱ्याच आधी.

मग मी गाठ बघितली. दोन फेरे, शेपूट आतून डावीकडे, वर उलटा फास. दादा सगळं बुटाच्या नाडीसारखं बांधतो, तुम्ही त्याला त्यावरून हसता. ही गाठ या घरात दोघांनाच येते. तुम्हाला आणि तुम्ही शिकवलीत म्हणून मला.

आता मला ते सांगायचं आहे जे मी आत्तापर्यंत लांबवत होते.

मी काकांना शब्द देऊन आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही शेडमध्ये पोती भरत होतात. मी विचारलं, "हे कशाला?" तुम्ही म्हणालात, "खालच्यांच्या पाटाचा काठ कच्चा आहे. पाणी जोरात आलं तर फुटेल. तिथे लावायला." मला तुमच्याबद्दल पुन्हा तोच अभिमान वाटला. मी पुढे आले. तुम्ही फावड्यानं माती टाकत होतात, आणि पोत्याचं तोंड मी धरलं होतं, अप्पा. एकेक पोतं मी तोंड ताणून धरलं. तुम्ही म्हणालात, "हलवू नकोस, सांडेल." मी हलवलं नाही.

ताई, थांबू नकोस. वाच.

फाडलेलं पोतं घेऊन मी गोठ्यात गेले. दादा शेण काढत होता. मी ते त्याच्यापुढे टाकून विचारलं,

"हे काय?"

"पोतं."

"पोतं आहे ते मलाही दिसतंय."

"मग विचारतेस कशाला?" तो खाली बघून फावडं ओढत राहिला. मग एकदम थांबला. "अप्पांनी जाताना सांगितलं तसं केलं. ढग भरून आले की दगड फिरव, मागे पोती लाव. आणि हिला बोलू नकोस. तिच्या पोटात काही राहत नाही."

"आणि लोंढा?"

"लोंढाही त्यांचाच."

मी म्हटलं, "दादा, आपल्या गाई त्यांच्या पाण्यावर जगल्या."

"जगल्या ना? मग आता पुढे कशावर जगवू? तू शिकलीस, गाई मी सांभाळतो. पुढचा पाऊस कधी आहे ते तुझ्या पुस्तकात दिलंय का? नाही ना? मग बोलू नकोस."

त्याची भीती खोटी नव्हती. तुमचीही नसेल. आकाश परत कोरडं आहे. मी हेही मानते की रीत आपल्या बाजूची होती. तुम्ही मला सरळ म्हणाला असतात, "पोरी, मला पहिलं पाणी सोडवत नाही," तर मी भांडले असते, दोन दिवस जेवले नसते, पण समजले असते. आणि खाली जाऊन शब्द दिला नसता. तुम्हाला हे ठाऊक होतं, म्हणून तुम्ही बोलला नाहीत.

दूधवाल्याला, बसच्या कंडक्टरला, अंगणात कोणी पाणी प्यायला थांबलं तर त्यालाही तुम्ही सांगत आलात, "ही आमच्या घरातली पहिली पदवीधर. हिच्या तोंडून खोटं निघायचं नाही." मी संकोचानं आत पळायचे आणि आत जाऊन हसायचे. मला वाटायचं, अप्पा माझं कौतुक करतात. आता मनात येतं, बाजारात न्यायच्या गाईचं अंग घासूनपुसून ठेवतात, तसं होतं का ते? मला तसं मानायचं नाही. पण तुम्ही सांगितल्याशिवाय ते मनातून जाणारही नाही.

आईला माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत. भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "आता तू काय करणार?"

"खाली जाऊन सांगणार."

"आणि मग?"

मी मग काय ते सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. म्हणाली, "मी नाही येणार. मला त्यांच्याबरोबर राहायचं आहे." आणि मी दारापर्यंत गेल्यावर म्हणाली, "पहार गोठ्यामागे आहे."

काका वाफ्यातच होते. "या बॅरिस्टर. आज कुठला धडा?"

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. पोती, गाठ, लोंढा, आणि पोत्याचं तोंड कुणी धरलं होतं ते. काकू उंबऱ्यावर येऊन थांबल्या. काका उठले नाहीत.

"तुझा बाप स्वतः आला असता," ते म्हणाले, "तर मी कागदही केला असता आणि दगडापाशी खाट टाकून बसलोही असतो. त्यानं तुला पाठवलं. हुशार आहे."

काकू म्हणाल्या, "ढग आले तेव्हा हे निघाले होते दगड बघायला. मीच अडवलं. म्हटलं, पोरीनं शब्द दिलाय, मागे जाऊन बघणं बरं दिसत नाही."

त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

मी माफी मागितली. काका म्हणाले, "ठीक आहे. पण तू खरं बोललीस म्हणून माझी रोपं पाणी प्यायली का? नाही ना? मग जा घरी."

मी घरी आले, पण घरात गेले नाही.

काल सकाळी आपल्या तळ्याची मोरी मी उघडली. झाकण गंजलं होतं, पहारीनं उचकटावं लागलं. दादा पळत आला. मला वाटलं, हात धरणार. तो नुसता उभा राहिला. मग गेला आणि गाईंना पाण्यावर घेऊन आला, आहे तोवर पिऊन घेऊ दे म्हणून. मोरीचं पाणी उजव्या पाटात पडून खाली गेलं. खालून काकूंची हाक ऐकू आली, नक्की काय म्हणाल्या ते कळलं नाही.

आई कपडे धुते ती पायरी उघडी पडेपर्यंत मी मोरी उघडी ठेवली, मग बंद केली. दिलेल्या शब्दाप्रमाणे सगळं पाणी त्यांचं होतं. मी गाईंकडे बघून अर्ध्यावर थांबले, आणि अर्ध्यावर थांबले हे काकांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "बरं." एवढंच. पुढे पाऊस आलाच नाही आणि गाई द्याव्या लागल्या, तर तो दोष माझा. दादाला त्यात ओढू नका. तो तुमचं ऐकतो, ते त्याला जमतं.

दगड परत आपल्या पाटाच्या तोंडावर आहे.

राहिली पोती. त्यांची काळजी करू नका. पाणी सोडलं तेव्हा खालच्यांच्या पाटाचा काठ एका ठिकाणी खरंच खचायला लागला. तुम्ही म्हणाला होतात तसाच. मी एकेक पोतं वाहून नेलं आणि तिथे लावलं, सांधे जुळवून. एक फाडलं होतं, ते सोडून सगळी. तुमच्या गाठी सोडल्या नाहीत. पक्क्या आहेत, आणि आता जाणायेणाऱ्याला दिसतात. ती पोती कशासाठी भरली असं कुणी विचारलं, तर तुम्ही मला दिलं होतंत तेच उत्तर मी देईन, आणि ते आता खरं असेल.

डोळ्याला जपा.

पोत्याचं तोंड जिनं धरलं होतं, ती

तुमची धाकटी